वणवा फेब्रुवारीत, निधी मार्चमध्ये: सातपुड्यातल्या एका अभयारण्याचं प्रकरण

खानदेशात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. राज्यातली सहाही उद्यानं (ताडोबा, गुगामल, पेंच, नवेगाव, संजय गांधी, चांदोली) विदर्भात, मुंबईत किंवा सह्याद्रीत आहेत. आपल्या वाट्याला आली ती अभयारण्यं आणि संवर्धन राखीव क्षेत्रं: यावल, अनेर धरण, मुक्ताई-भवानी, तोरणमाळ आणि चाळीसगावच्या अंगाने गौताळा औट्रमघाट. कायद्यात उद्यान वेगळं, अभयारण्य वेगळं. पण केंद्राचा पैसा दोघांनाही एकाच योजनेतून, एकाच वाटेने येतो. ही वाट कुठे अडते आणि अडली की जंगलात काय होतं, ते या प्रकरणातून दाखवायचं आहे.

प्रकरण यांतल्याच एका अभयारण्याच्या एका परिक्षेत्रातलं, 2021-22 आणि 2022-23 या दोन आर्थिक वर्षांतलं आहे. गावांची-माणसांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे. परिक्षेत्र कार्यालय आणि गावाची वन समिती, दोन्हीकडे कामानिमित्त माझं येणं-जाणं होतं. कागद पाहायला मिळाले आणि माणसं मोकळेपणी बोलली.

पार्श्वभूमी

परिक्षेत्र सातपुड्याच्या दक्षिण उतारावर. वर रांग ओलांडली की मध्य प्रदेश, खाली उतरलं की तापीकाठच्या केळीच्या बागा. जंगल शुष्क पानझडीचं: साग, सलई, अंजन, धावडा, मोह. पावसाळ्यानंतर पवन्या आणि कुसळीचं गवत कमरेएवढं वाढतं, डिसेंबरात पिवळं पडतं आणि फेब्रुवारीत एका काडीची वाट पाहत उभं असतं. आत आणि काठावर पावरा, बारेला, तडवी भिल्लांचे पाडे आहेत.

गवत उभं राहण्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 14 फेब्रुवारी 2000 च्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेलं-पडलेलं लाकूड, गवत वगैरे हलवायला मनाई आहे. हेतू जंगल वाचवण्याचाच होता आणि लाकूडचोरीच्या काळात तो आवश्यकही होता. परिणाम मात्र दुहेरी झाला. जाळण तिथेच साठत गेलं आणि जंगलातून कायदेशीर उत्पन्न म्हणून काही उरलं नाही. व्याघ्र प्रकल्पांची गोष्ट वेगळी. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 38-एक्सनुसार त्यांना स्वतंत्र प्रतिष्ठान काढता येतं, पर्यटकांचं प्रवेशशुल्क तिथेच जमा होतं आणि तिथेच खर्च करता येतं. आमच्या या अभयारण्याला तशी सोय नाही आणि फारसे पर्यटकही नाहीत. म्हणजे सरकारी निधी हाच एकमेव आधार.

त्या आधाराचं मोजमाप एका आकड्यातून कळतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2017-18 ते 2019-20 या तीन वर्षांसाठी ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ या छत्रयोजनेला सुमारे 1,731 कोटी रुपये मंजूर केले. त्यातले 1,143 कोटी व्याघ्र प्रकल्पाला, 90 कोटी हत्ती प्रकल्पाला. उरलेले पाचशे कोटींच्या आसपास, तीन वर्षांसाठी, देशभरातल्या बाकीच्या सगळ्या उद्यानांना आणि अभयारण्यांना. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्या वाट्याचं प्रमाण 60:40 आहे, म्हणजे केंद्राच्या साठ रुपयांना राज्याने चाळीस घालायचे. वाघ ठेवायला जंगल लागतं, त्याला जास्त पैसा मिळाला याबद्दल माझी तक्रार नाही. पण मेळघाटातून निघालेला वाघ मुक्ताई-भवानी, यावलकडे सरकतो तो याच उरलेल्या पैशावर राखलेल्या जंगलातून, हे नियोजनाच्या टेबलावर कुणी तरी मोठ्याने म्हणायला हवं.

अडचण नेमकी कुठे होती

निधी अपुरा होता हे खरंच. पण या प्रकरणात जंगलाला जास्त नडलं ते पैसा येण्याचं वेळापत्रक.

वनविभागाच्या हिशेबात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) तयार हव्यात. काम दिसायला साधं आहे: ठरलेल्या पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत कोयत्याने कापून मध्ये ओढायचं, चार दिवस वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना, पहाटे किंवा तिन्हीसांजेला, राखणीत जाळून काढायचं. माणसं मात्र भरपूर लागतात आणि डिसेंबर-जानेवारीतच लागतात. मार्चमध्ये तीच रेषा जाळायला गेलात तर तुम्हीच वणवा लावाल.

पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च. परिक्षेत्रातून वार्षिक कार्य आराखडा विभागाकडे, तिथून वनवृत्तामार्गे नागपूरला, मग दिल्लीला. मंजुरी, केंद्राचा हप्ता, राज्याचा हिस्सा, बीडीएसवर (सरकारच्या ऑनलाइन निधी-वाटप प्रणालीवर) वितरण, असा उलटा प्रवास करून पैसा परिक्षेत्रात येतो. 2021-22 मध्ये आणखी एक गोष्ट झाली. केंद्र पुरस्कृत योजनांसाठी 1 जुलै 2021 पासून एकल नोडल खात्याची पद्धत लागू झाली. प्रत्येक योजनेला राज्यात एकच मुख्य खातं, खालच्या कार्यालयांना शून्य शिलकीची खाती, जुन्या खात्यांतली शिल्लक परत. केंद्राचा हप्ता एका वेळी पाव हिश्शाहून जास्त नाही आणि आधीच्यातला 75 टक्के खर्च झाल्याखेरीज पुढचा नाही. विनाकारण पैसा खात्यांत पडून राहू नये म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच होती. पहिल्या वर्षी खाती उघडण्यात, जोडण्यात आणि जुने हिशेब मिटवण्यात महिने गेले, आणि जंगलाचे तेच महिने कामाचे होते.

आराखड्यात 64 किलोमीटर जाळरेषा, हंगामी अग्निरक्षकांची मजुरी, दोन सिमेंटचे पाणवठे आणि एका संरक्षण कुटीची दुरुस्ती मागितली होती. नोव्हेंबरात कळलं की मागणीच्या जेमतेम निम्म्याला मंजुरी आहे. पैसा नव्हता. परिक्षेत्रातले वनपाल शिंदखेड्याकडचे, बरीच वर्षं याच डोंगरात काढलेले. ते एवढंच म्हणाले, “साहेब, पैसा येस, पन टाइमवर येत नही.”

समोरचे पर्याय

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसमोर काय काय होतं ते बघू.

थांबणं हा नियमाने सगळ्यात सुरक्षित पर्याय. निधी नाही, काम नाही, लेखापरीक्षणात आक्षेप नाही. पण पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातकडे जातात. डिसेंबरात काम नाही म्हटल्यावर ती जानेवारीत सापडत नाहीत.

दुसऱ्या लेखाशीर्षातला पैसा तात्पुरता वापरायचा, हे बोललं गेलं आणि तिथेच सोडून दिलं. मंजूर शीर्षाबाहेरचा खर्च ही अनियमितता आणि पुढे वसुली अधिकाऱ्याच्याच पगारातून.

रोजगार हमीतून करून घ्यावं म्हणून तहसीलच्या कक्षात विचारणा झाली. उत्तर आलं की गवत काढून जाळणं हे टिकाऊ मत्तेचं काम धरता येणार नाही. त्यातून त्या वर्षी हमीचा दर दिवसाला 248 रुपये, आणि रणरणत्या उतारावर कोयता चालवायला त्या दरात माणूस येईल याची खात्री नव्हती. कॅम्पाचा (वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्यावर जमा होणारा भरपाई वनीकरणाचा) निधी राज्याकडे होता, पण त्याचाही आराखडा आदल्या वर्षी जावा लागतो. जिल्हा नियोजन समितीकडे वर्षाच्या मध्यात नवीन काम घुसवायचं तर पुनर्विनियोजनाची (निधीच्या फेरवाटपाची) वाट पाहायची, आणि ते होतं फेब्रुवारीत.

उरला उधारीचा पर्याय. काम आत्ता, पैसा आल्यावर. सरकारी कागदावर याला नाव नाही, पण खानदेशातल्या कुठल्याही वनमजुराला विचारा, तो ओळखतो.

पहिला निर्णय: उधारीवर काम

अधिकाऱ्यांनी उधारीचा रस्ता धरला, पण पूर्ण नाही. 64 किलोमीटरमधून आधी राज्याच्या हद्दीची रेषा, मग मुख्य रस्ता, मग पाड्यांभोवतीचा पट्टा असा क्रम लावला आणि आतल्या कक्षांमधल्या (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांमधल्या) रेषा शेवटी ठेवल्या. वर्षानुवर्षं आग कुठून येते हे वनरक्षकांना पाठ होतं. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे येणाऱ्या आगीच्या सूचनांची जुनी नोंद त्याला जोडून पाहिली. हे काम कार्यालयात बसून एका दिवसात झालं आणि माझ्या मते दोन वर्षांतलं ते सगळ्यात मोलाचं काम.

मुकादमाशी बोलणी पाड्यावर झाली. 22 माणसं मिळतील म्हणाला, अट एकच: भोंगऱ्याआधी पैसे. होळीच्या आधीच्या आठवड्यातले भोंगऱ्या बाजार म्हणजे पावरा समाजाचा वर्षाचा बाजार. नवे कपडे, चांदी, ढोल, पाहुणे, उसाच्या फडातून परतलेली माणसं. त्या वर्षी होळी 17 मार्चला होती. साहेब म्हणाले, येतील. त्यांचा तसा प्रामाणिक अंदाज होता.

मुकादमाच्या खिशात एक छोटी वही असायची. दर माणसापुढे उभ्या रेघा, पाचवी रेघ आडवी. कार्यालयाचा हजेरीपट वेगळा होता, पण दर रविवारी वनरक्षक आणि मुकादम दगडावर बसून दोन्ही जुळवून घेत. ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

15 फेब्रुवारीपर्यंत 41 किलोमीटर झालं. हद्दीची आणि रस्त्याची रेषा पूर्ण, पाड्यांभोवतीची बरीचशी, आतलं जवळपास काहीच नाही. मग मजूर थांबले. पैसे आले नव्हते आणि पुढे उधारीवर राबायला कुणी तयार नव्हतं. भोंगऱ्या आला आणि गेला. त्या आठवड्यात वनपाल पाड्यावर गेले नाहीत. “कुठल्या तोंडाने जाणार?” हे त्यांचे शब्द. माणसांनी सावकाराकडून उचल घेतली. काहींनी पुढच्या वर्षीच्या उसाच्या मुकादमाकडून घेतली, म्हणजे पुढच्या डिसेंबरातलं त्यांचं अंग आत्ताच विकलं गेलं. निधीतल्या दिरंगाईची ही किंमत कुठल्याही उपयोगिता प्रमाणपत्रात दिसत नाही.

दुसरा निर्णय: मार्चअखेरचा पैसा

22 मार्चला बीडीएसवर पैसा दिसला. मजुरीसाठी होता आणि पाणवठ्यांसाठीही. हातात नऊ दिवस.

मजुरीची देयकं तयारच होती, कारण हजेरीपट जुळलेले होते. 31 मार्चआधी पैसे खात्यांवर गेले. चौघांचे परत आले. बँकांच्या विलीनीकरणानंतर त्यांच्या शाखेचा संकेतांक बदलला होता आणि पासबुकावर जुनाच होता. त्या चौघांना पैसे मिळायला मे उजाडला.

खरा पेच पाणवठ्यांचा. वरून निरोप स्पष्ट होता: निधी व्यपगत होता कामा नये. परत गेला तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहत नाही, आणि खर्चाची टक्केवारी कमी दिसली तर पूर्ण विभागाचा पुढचा हप्ता अडतो. नऊ दिवसांत दोन पाणवठे कागदावर नक्की होतात. जमिनीवर खड्डा, सोलिंग, काँक्रीट आणि त्यावर पाणी मारत ठेवणं एवढ्या दिवसांत होत नाही, तेही अशा ठिकाणी जिथे पाणीच टँकरने न्यावं लागतं. सातपुड्यात फिरणाऱ्याला तडकलेले, कोरडे सिमेंटचे पाणवठे जागोजाग भेटतात. त्यांतल्या अनेकांचा जन्म मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला आहे, असं मी खात्रीने म्हणतो.

अधिकाऱ्यांनी एक पाणवठा घेतला, तोही नवा नाही: जुन्या, गळक्या पाणवठ्याची दुरुस्ती. उरलेला निधी त्यांनी समर्पित केला, म्हणजे सरकारला परत केला, आणि त्याच पत्रात पुढच्या वर्षी तो पुन्हा वापरायला मंजुरी मिळावी अशी कारणांसह मागणी केली. बैठकीत त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. माझ्या मते हा निर्णय धाडसाचा आणि बरोबर होता. फक्त तो 24 मार्चला झाला. बांधकाम त्या वर्षी शक्य नाही हे जानेवारीतच दिसत होतं. तेव्हाच कळवलं असतं तर विभागाला तो पैसा दुसऱ्या परिक्षेत्राला देता आला असता आणि टक्केवारीचा प्रश्नच उरला नसता.

एप्रिलमध्ये आतल्या दोन कक्षांत आग लागली, जिथे रेषा झाली नव्हती नेमकं तिथेच. मोहाखालचा पालापाचोळा जाळून फुलं वेचायची जुनी रीत आहे. आग तिथूनच निसटली असावी, असा वनरक्षकांचा अंदाज. विझवायला तीन दिवस लागले. ओल्या फांद्यांनी झोडपणाऱ्यांत पाड्यावरची तीच माणसं होती, ज्यांचे पैसे उशिरा मिळाले होते किंवा अजून यायचे होते.

दुसऱ्या वर्षाची बांधणी

एप्रिल 2022 मध्ये गावाच्या वन समितीची बैठक पाड्यावरच्या शाळेत झाली. अधिकाऱ्यांनी आराखडा आणि आलेला निधी, दोन्ही आकडे वाचून दाखवले: किती मागितलं, किती मंजूर झालं, कधी आलं. असं आधी कुणी केलं नव्हतं. एका आजीबाईंनी विचारलं, “मंग आमच्या गवताचा पैसा दिल्लीत ठरतो का?” साहेबांनी हो म्हटलं आणि कसा ठरतो ते समजावलं.

त्यानंतर आराखडा दोन भागांत मांडला गेला. पहिल्या भागात 31 जानेवारीआधी व्हायलाच हवीत अशी मजुरीची कामं, दुसऱ्यात वेळ सरकली तरी चालेल अशी बांधकामं. प्रत्येक कामापुढे एक जादा रकाना: निधी कोणत्या महिन्यापर्यंत लागेल. विहित नमुन्यात असा रकाना नाही. त्यांनी तो सोबतच्या पानावर जोडला. विभागाने केंद्राच्या पैशाची वाट न पाहता राज्याच्या वणवा संरक्षणाच्या तरतुदीतून या परिक्षेत्राला आधी द्यावं, अशी मागणी त्या पानाच्या आधाराने केली. ऑक्टोबरात 48 किलोमीटरपुरता पैसा आला. केंद्राच्या हप्त्यावर मग फक्त अग्निरक्षकांची मजुरी आणि बांधकाम ठेवलं.

जिल्हा नियोजनाकडे या वेळी जूनमध्येच प्रस्ताव गेला, नावीन्यपूर्ण योजनेखाली: पाला उडवणारे ब्लोअर, पाण्याच्या पाठपिशव्या, बूट. नियोजन समितीला दिसणारी वस्तू आवडते, हे ओळखून प्रस्ताव तसा बांधला होता. ब्लोअरने वाळका पाचोळा झपाट्याने बाजूला होतो आणि रेषेचं काम थोड्या माणसांत निघतं.

रोजगार हमीचाही उपयोग झाला, वेगळ्या तऱ्हेने. अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवर सलग समतल चरांचं काम नोव्हेंबर-डिसेंबरात काढलं. दर 256 झाला होता. रक्कम मोठी नव्हती, पण त्यामुळे काही कुटुंबं उसाला गेली नाहीत आणि जानेवारीत जाळरेषेला माणसं मिळाली. ज्यांनी आदल्या वर्षी उचल घेतली होती ती मात्र गेलीच.

उधारी बंद. दर पंधरवड्याला देयक, आणि काम सुरू होण्याआधीच सगळ्यांचे खाते क्रमांक एक-एक रुपया टाकून तपासलेले.

काय निष्पन्न झालं

31 जानेवारी 2023 ला 57 किलोमीटर रेषा तयार होती. सगळी मजुरी होळीआधी, म्हणजे 6 मार्चच्या आत, खात्यांवर गेली. त्या हंगामात मोठी आग लागली नाही.

यावर उड्या मारू नयेत. मार्च 2023 मध्ये राज्यभर अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं आणि जंगल ओलं राहिलं. आग न लागण्यात रेषेचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे एका वर्षावरून सांगता येणार नाही. ठाम सांगता येतं ते एवढंच की काम वेळेत झालं, दाम वेळेत मिळाला आणि मुकादम पुढच्या वर्षासाठी आपण होऊन विचारायला आला.

समर्पित केलेला निधी पुन्हा मिळाला, पण अर्धाच आणि फेब्रुवारीत. त्यातून पाणवठ्याऐवजी संरक्षण कुटीची दुरुस्ती झाली.

काय वेगळं करता आलं असतं

उधारीचा निर्णय घेताना मजुरांना ‘येतील’ म्हटलं गेलं. ‘कदाचित मार्चअखेर येतील, आधी येणारही नाहीत’ असं सांगितलं असतं तर 22 ऐवजी दहाच जण आले असते. रेषाही कमी झाली असती, पण सावकाराकडे जायचं की नाही हे माणसांनी आधीच ठरवलं असतं. जंगल वाचवण्याची जोखीम सरकारने घ्यायची असते. इथे ती सगळ्यात गरीब माणसाच्या अंगावर गेली, आणि ते कुणाच्या वाईट हेतूने झालं नाही म्हणून कमी चुकीचं ठरत नाही.

दुसरी गोष्ट विभागाच्या पातळीवरची. मजुरी आणि बांधकाम एकाच मंजुरीत बांधली की बांधकामाच्या कागदांसाठी मजुरीही अडकते. ती वेगळी करणं विभागाच्या हातात होतं आणि त्याला दिल्लीची परवानगी लागत नव्हती. दुसऱ्या वर्षी ते झालं, कारण एका परिक्षेत्राने पान जोडून मागितलं. बाकीच्या परिक्षेत्रांनी मागितलं नाही, त्यांना मिळालं नाही.

तिसरी, कॅम्पाची. दोन्ही वर्षांत त्याचा आराखडा पाठवायचा राहून गेला. ब्लोअरपेक्षा आणि चरांपेक्षा तो आधार जास्त टिकाऊ ठरला असता.

2023 च्या बदल्यांमध्ये हे अधिकारी गेले. नव्यांनी आराखड्यातला महिन्याचा रकाना ठेवला आहे आणि खाती तपासण्याची पद्धतही. जिल्हा नियोजनाचा प्रस्ताव मात्र जूनऐवजी सप्टेंबरात गेला आणि त्या वर्षीच्या यादीत बसला नाही. ब्लोअर चालू आहेत, पण त्यांच्या पेट्रोलला अजून कोणत्याच शीर्षाखाली तरतूद नाही.